गजेंद्राचा धावा शोधताना

मी घाटकोपरच्या एका वाचनालयातला जुना संगणक आहे. मित्रांनो, माझ्याजवळ बसलात तर सतत घरघर ऐकू येईल. तो माझा पंखा. मला हल्ली लवकर धाप लागते.

माझं तारुण्य मरोळच्या एका कचेरीत गेलं. तिथून इथे भेट म्हणून आलो. कुठलंही पुस्तक कोणत्या कपाटात आहे, ते मी क्षणात सांगे. दसऱ्याला मला झेंडूचा हार मिळे. पुढे ज्याच्या त्याच्या हातात फोन आला आणि माझ्यावर धूळ बसली.

ती झटकली ग्रंथपाल वनमालाताईंनी. इंटरनेटवरचं चांगलं तेवढं वेचून वाचकांसाठी एका पानावर मांडायची साधनं त्यांना वापरून बघायची होती. एका साधनात सगळं आपल्या हातानं निवडून चिकटवायचं. दुसऱ्याला नुसता विषय सांगायचा, ते आपोआप ढीग आणून ओतायचं. "झकास! बसल्या जागी काम," म्हणत ताईंनी दुसरं घेतलं. विषय दिला, कीर्तन.

तो शेजारच्या चाळीतल्या सोनूबाईंसाठी. त्यांचे यजमान कीर्तनकार. सोनूबाई जन्मभर मागे झांज धरून उभ्या. यजमान गेले आणि येत्या एकादशीला चाळीच्या मंदिरात त्या पहिल्यांदा पुढे उभ्या राहणार होत्या. आख्यान गजेंद्रमोक्षाचं. कथा पाठ होती. पण मगरीनं पाय धरलेला हत्ती देवाचा धावा करतो, त्या धाव्याची यजमानांची चाल काही केल्या आठवेना.

"ती चाल गेली तर ते पुन्हा गेले गो," त्या म्हणाल्या.

मी ढीग आणला. सोनूबाई पहिलंच कीर्तन लावून बसल्या त्या बसल्याच.

"मावशी, ही चाल नाही ना? मग पुढचं लावा. एक बोट दाबायचं," ताई म्हणाल्या.

"कीर्तनातून आरती व्हायच्या आत उठू? आमच्यात नाय चालत."

"अहो, यंत्र आहे ते!"

"असूंदे. बुवा उभे आहेत ना त्यात?"

इकडे माझा ढीग वाढतच होता. भाषणं, जाहिराती, तेच कीर्तन चारदा. माझा जीव नुसता तगमगत होता. आणता सगळं येत होतं, हवं ते कुठलं हे कळत नव्हतं. एकादशी परवावर आली.

शेवटी ताईंनी ते आपोआप गोळा करणं बंदच केलं आणि ढिगातली गजेंद्रमोक्षाची कीर्तनं तेवढी स्वतः वेचली. "मावशी, तुम्ही धावा तेवढा ऐका. चाल ती नसेल तर उठा. उरलेलं माझ्या फोनवर ऐकत आरतीपर्यंत मी बसते. कुणीतरी बसलं म्हणजे झालं ना?"

"बसशील? का चहाला पळशील?"

"नाही पळत."

आणि ताई खरंच बसल्या. एकामागून एक. दुसऱ्या दिवशी मालाडच्या एका म्हाताऱ्या बुवांनी धावा उचलला आणि सोनूबाईंचे रिकामे हात आपोआप झांजेसारखे हलू लागले. "हीच! हे बुवा नि आमचे यजमान एकाच गुरूकडे शिकले गो!" चाल तोंडात घोळवत त्या निघाल्या. ताई हात जोडून आरतीपर्यंत थांबल्या.

आता त्या पानावर मोजकीच कीर्तनं आहेत. प्रत्येकाखाली ताईंनी स्वतः ऐकून लिहिलेली एक ओळ आहे.

द्वादशीला सोनूबाई आल्या. आवाज पार बसला होता, चेहरा मात्र फुलला होता. त्यांनी ताईंच्या कपाळाला बुक्का लावला आणि एक बोट माझ्या चौकटीलाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, तारा ओढू नका. पण माझ्यातलं काही कुणाला देणार असाल, तर आधी ते स्वतः शेवटपर्यंत ऐका. मला ते जमत नाही. ऐकायला कान लागतात, आणि ते देवानं तुम्हाला दिले आहेत.