खांबाची कुंची

कळंबच्या वेशीबाहेर अंबादास मास्तरांचं घर उभं राहत होतं, आणि घराआधी मास्तरच ताठ उभे होते. साऱ्या आळीत सिमेंटचा पहिला खांब त्यांचा. मावळतीकडच्या मातीच्या जाड भिंतीत तो असा बसवला होता, की बाहेर रस्त्यावरून दिसावा अन् आत खोलीतूनही.

"खांब कसला, नवरदेव हाय," गवंडी रेवणसिद्ध म्हणाला. "पर मास्तर, ह्यो ऊन पितो. बाहेर प्यालेलं आत आणून सोडंल."

"अरे, यात लोखंड आहे!"

"मंग तर लईच पिणार."

मास्तरांनी कानाडोळा केला. पण चैत्रात लेक, चंद्रप्रभा, पहिल्या बाळंतपणाला यायची होती. बाज टाकायला बिनवाऱ्याचा कोपरा एकच, अन् तो नेमका खांबाच्या कुशीत.

फाल्गुनातल्या एका दुपारी मास्तरांच्या पत्नी अनसूयाबाई वाटीभर लोणी घेऊन आल्या. आतून एक बोट मातीच्या भिंतीला लावलं, एक खांबाला.

"अहो गुरुजी, आता फळ्याकडं बघा."

उन्हं कलेपर्यंत भिंतीवरचं लोणी जागचं हललं नाही. खांबावरचं मात्र ओघळत पार जमिनीला टेकलं.

"तुमच्या नवरदेवाला घाम फुटला की हो!"

मास्तरांच्या डोळ्यांपुढं लेकीची बाज आली. आवाज खाली आला. "बाहेरून गिलावा जाड करू."

"गिलाव्यानं काय हुतंय? कुंची घाला त्याला," रेवणसिद्ध म्हणाला. "बाहेरून उभ्या विटा, मधी चार बोटं जागा, तिच्यात कोरडी राख. पर निस्त्या तोंडावर न्हाय. कुंची कशी, कान झाकती, पाठ झाकती. दोन्ही अंगाला हात-हात भिंतीवर गेली पाहिजे, न्हायतर ऊन कडंनं शिरतंय."

"म्हणजे रस्त्यावरून खांब दिसणारच नाही?"

"नवरदेव मुंडावळ्यांआड गेला, म्हणून लग्न मोडतं का?" अनसूयाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काळी टोपी घातलेले मास्तर घमेलं घेऊन दारोदार राख मागत फिरले. शेजारच्या धुरपदाबाईंच्या जात्यावर लगेच ओवी आली:

मास्तर आले दारी, चुलीची राख द्या गं
सिमिटाचं लेकरू, त्याला कुंची शिवा गं

मास्तरांनी ऐकलं, टोपी सारखी केली, अन् घमेलं पुढं केलं.

वैशाखातली दुपार. बाजेवर चंद्रप्रभा निजलेली, कुशीत दहा दिवसांचं बाळ. मास्तरांनी खांबाला आतून तळहात लावला. तो माठासारखा निवांत होता. दुसरा हात भिंतीला लावला, फरक सापडेना. दोन्ही हात तसेच ठेवून ते बराच वेळ उभे राहिले.

रस्त्यावरून आळीतल्या बलभीमची हाक आली, "मास्तर! तुमचा खांब कुठं गेला वो?"

मास्तर लगबगीनं दारात आले, ओठावर बोट ठेवून. "हळू बोल रे. झोपलाय."

"कोण, नातू का खांब?" आतून अनसूयाबाईंनी विचारलं.

"दोघंही."