पडद्याच्या काठावरची गोलकीपर

मॅच सुरू झाली आणि शिवाजी पेठेतल्या चौकात जमलेल्या माणसांनी आधी डोळे चोळले. गुवाहाटीच्या मैदानावर पळणाऱ्या पोरी पडद्यावर शेवग्याच्या शेंगांसारख्या लांब आणि बारीक दिसत होत्या. चेंडूचं तर उभं अंडं झालं होतं.

"संयोगिता, ह्या पोरींना खायला काय घालत्यात गं?" मागून कुणीतरी विचारलं आणि हशा पिकला. लॅपटॉपपुढे बसलेल्या संयोगितानं मान वर केली नाही. वडिलांचा फ्लेक्सचा धंदा बसत चालला म्हणून तिनं एलईडी पडद्याची पॅनल घेतली होती. मुरगूडपासून मलकापूरपर्यंत लग्नं गाजवून झाली, पण आपल्या पेठेतलं काम हे पहिलंच. आणि पेठ कुणाची चूक विसरत नाही. कधीकाळी पेनल्टी हुकवलेल्या माणसाला इथं नातवंडं झाली तरी त्याच नावानं हाक मारतात.

त्यात काम हंबीरराव आबांचं. आबा म्हणजे तालमीच्या फुटबॉल संघाचे एकेकाळचे गोलकीपर, आता तालमीचे गुडघे गेलेले अध्यक्ष. त्यांची नात क्रांती महाराष्ट्राच्या संघात गोलकीपर होती. आज राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य मॅच. नातीला गोलमध्ये उभी राहिलेली आबांनी एकदाही बघितली नव्हती. मॅचेस लांबच्या गावी व्हायच्या, प्रवास झेपायचा नाही, आणि मोबाईलवर दाखवायला जावं तर आबा म्हणायचे, "ह्यात मुंग्या हाईत, माणसं कुठं हाईत?" म्हणून तालमीच्या मंडळानं मोठा पडदा लावायचं ठरवलं. आबा पहिल्या रांगेत खुर्ची टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून, मॅचच्या कितीतरी आधी येऊन बसले होते.

घोळ झाला तो चौकटीमुळे. चौकात फ्लेक्स लावायची एक उंच लोखंडी चौकट आहे. त्या चौकटीत फोटो चढला की माणूस मोठा झाला, असा पेठेचा हिशोब. मंडळाचा कारभारी विजयसिंह अडूनच बसला होता, "क्रांतीचा मान हाय. पडदा चौकटीतच बसला पायजे." संयोगितानंही मान डोलावली आणि पॅनल उभी रचली, दोन-दोनच्या चार ओळी. दुपारी क्रांतीचा उभा फोटो पेनड्राइव्हवरून थेट पडदा चालवणाऱ्या पेटीत लावून बघितला. तो असा चपखल बसला की लॅपटॉप जोडून बघायचं तिच्या मनातही आलं नाही.

आता मात्र मॅच इंटरनेटवरून दाखवायला लॅपटॉप जोडलेला होता. लॅपटॉपमध्ये ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम असतो, तो मशीन आणि पडदा यांच्यातला मध्यस्थ. जोडणी झाली की तो पडद्याला विचारतो, तुझं माप काय? पडद्याची पेटी कारखान्यात शिकवलेलं उत्तर देते, मी आडवी, टीव्हीसारखी. लग्न जमवणारा जसं पलीकडच्यांनी सांगितलेली मुलाची उंची तशीच्या तशी इकडं सांगतो, टेप घेऊन मोजायला जात नाही, तसंच हे. ड्रायव्हरनं आडवं चित्र पाठवलं, पेटीनं ते उभ्या चौकटीत कोंबलं आणि पोरींच्या शेंगा झाल्या.

संयोगितानं खरं माप हातानं भरलं. चित्र सरळ झालं, चेंडू गोल झाला, पण पडद्याच्या मधोमध एक आडवी पट्टी उरली. वर काळं, खाली काळं.

"निम्मा पडदा बंद पडला की," कुणीतरी ओरडलं.

विजयसिंह धावत आला. "फ्लेक्सवर आपण कधी मोकळी जागा सोडलीय व्हय? भर की सगळा."

ते खरंच होतं. पेठेच्या फ्लेक्सवर वीतभर जागा दिसली की तिथं आणखी चार शुभेच्छुकांचे चेहरे चिकटवतात. शिवाय त्या पट्टीत क्रांती करंगळीएवढी दिसत होती, आबांना ती कशी ओळखू येणार? गर्दीचा दंगा वाढत चालला होता. संयोगितानं चित्र मोठं केलं, पडदा वरपासून खालपर्यंत भरला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या फार वेळ टिकल्या नाहीत. ही काही टीव्हीवरची मॅच नव्हती. मैदानाच्या मध्यावर एकच कॅमेरा पक्का बसवला होता, सगळं मैदान एका नजरेत घेणारा, या टोकाला एक गोलपोस्ट आणि त्या टोकाला दुसरा. चित्र उभ्या पडद्यावर भरायचं म्हणजे दोन्ही बाजू कापायच्या, आणि त्या कापल्या गेल्यावर दोन्ही गोलपोस्ट गेले. चेंडू पडद्याबाहेर जायचा, सगळ्या पोरी त्याच्यामागं जायच्या आणि शिवाजी पेठ रिकाम्या हिरवळीकडं टक लावून बसायची. थोड्या वेळानं सगळ्या परत यायच्या. मधे काय झालं ते चेहऱ्यांवरून ओळखायचं.

तेवढ्यात स्पीकरमधून समालोचकाचा आवाज चढला. क्रांतीनं उजवीकडं झेप घेऊन जोरदार फटका अडवला होता, अशी झेप या स्पर्धेत बघितली नाही म्हणे. चौकानं एकच गलका केला. कशासाठी केला, ते एकालाही दिसलं नव्हतं.

आबा हसले. "गोलकीपरचं आसंच आसतंय बघ, पोरी. गोल खाल्ला की सगळ्यास्नी दिसतो. न्हाय तर कुणालाच न्हाय." हसता हसता त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला.

संयोगिताला फार वाईट वाटलं. स्वतःचा रागही आला. ज्या पोरीसाठी एवढा घाट घातला तिलाच आपण कापून टाकलं, आणि तेही लोकांना काळं दिसायला नको म्हणून.

मध्यंतराची शिट्टी झाली तशी ती उठली. "विजूदादा, पॅनल उतरवायची. चौकट सोडायची आणि पडदा तालमीच्या कट्ट्यावर आडवा लावायचा."

"आगं, आणि मान?"

"मान ऱ्हाऊ दे चौकटीत. आपण क्रांतीला खाली आणूया."

विजयसिंहानं आबांकडं बघितलं. आबा म्हणाले, "उतरव की मुकाट्यानं."

तालमीतल्या पैलवानांनी पॅनल उचलली ती बटाट्याची पोती उचलावी तशी. "हळू, हळू," म्हणता म्हणता संयोगिताचा घसा बसला. चार-चारच्या दोन ओळी कट्ट्यावर उभ्या राहिल्या, केबली जोडल्या, कुठलं पॅनल कुठं आहे ते तिनं पेटीला नव्यानं सांगितलं. पहिल्यांदा पाय वर आणि डोकी खाली आली. लोक पोट धरून हसले. तिनं ओळींची अदलाबदल केली, लॅपटॉपवरचं माप जुळवलं आणि पडदा काठोकाठ भरला. या गोलपोस्टपासून त्या गोलपोस्टपर्यंत अख्खं मैदान कट्ट्यावर उतरलं.

पडदा खाली आल्यामुळं पुढच्यांना बसावं लागलं. आयुष्यात कधी खाली न बसलेली माणसं कुरकुरत रस्त्यावर मांडी घालून बसली. आबांनी आपली खुर्ची मात्र उचलायला सांगितली.

"कुठं ठेवू, आबा?" संयोगितानं विचारलं.

"त्या उजव्या कडंला. मध्यंतर झालं, टोकं बदलली न्हवं आता?"

खुर्ची पडद्याच्या उजव्या काठाला लागली. तिथं पिवळी जर्सी घातलेली क्रांती उभी होती, आता चांगली दोन करंगळ्यांएवढी उंच. आबांच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड पडला होता. चेंडू कुठंही असो, त्यांची मान हलत नव्हती. क्रांती दोन पावलं पुढं आली की आबा खुर्चीत पुढं सरकायचे. ती हातमोजे आवळायची, तसे आबांचेही तळवे एकमेकांवर घासले जायचे. "डावीकडं सरक, डावीकडं," ते पुटपुटले आणि क्रांती खरोखरच सरकली. संयोगिता लॅपटॉप सोडून त्या दोघांकडंच बघत राहिली.

मॅच संपत आली तरी गोल नव्हता. मग डाव्या टोकाला गर्दी झाली, एकीनं फटका मारला, जाळी हलली आणि चौक उसळला. मांडी घातलेले उठले, पैलवानांनी विजयसिंहाला खांद्यावर घेतलं, हलगी कुठून आली कुणास ठाऊक. महाराष्ट्राच्या सगळ्या पोरी तिकडं डाव्या टोकाला एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या.

उजव्या टोकाला क्रांती एकटीच होती. गळ्यात पडायला जवळ कुणी नव्हतं, म्हणून दोन्ही हात वर करून ती आपल्याच गोलपुढं उड्या मारत होती. तिच्यासमोर खुर्चीत आबांचेही दोन्ही हात वर होते.

विजयसिंह खांद्यावरूनच ओरडला, "आबा, काय गोल हुता! बघितला न्हवं?"

"न्हाय बाबा," आबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "हिला नाचताना बघितलं, तवा कळलं झाला म्हणून."