बुल्वेच्या वाटेवरची होडी

मी माबांबाच्या दलदलीतली होडी बोलतेय. माझा जन्म धक्क्यावरच्या आंब्याखाली झाला. चार लांब फळ्या, मूठभर खिळे आणि सांध्यांत ठोकलेला कापूस. पहिल्यांदा मला पाण्यात लोटलं तेव्हा मी गळू लागले. "रडू दे तिला," सुतार म्हणाला, "पोटभर पाणी प्यायली की गप्प होईल." फळ्या फुगल्या आणि मी खरंच गप्प झाले.

मला घेतलं ते एका कोळ्यानं. जुळ्या मुलींचा बाप, म्हणून सगळे त्याला सालोंगो म्हणतात. आमच्या कोळ्यांची एक समजूत होती. सकाळी बुल्वे दिसला, की त्या दिवशी जाळं रिकामं. बुल्वे म्हणजे माणसाच्या छातीएवढा उंच, राखाडी पक्षी. चोच जाडजूड खडावेसारखी. इतर कोळी त्याला ढेकळं मारत. सालोंगो नुसतं माझं नाक वळवायचा.

एका धुकट सकाळी मात्र तो पक्षी अगदी समोर आला. त्या दिवशी मासा मिळाला नाही. धक्क्याला लागलो, तर सालोंगोची बायको गेल्याची बातमी उभी होती. त्यानंतर सहा वर्षं त्यानं बुल्वेची सावलीही माझ्यावर पडू दिली नाही.

दरम्यान धक्का बदलला. त्याच पक्ष्याला बघायला दूरदूरची माणसं येऊ लागली. कोळी वाटाडे झाले. सालोंगो मासेच धरत राहिला. त्याच्या जुळ्यांतली थोरली, बाबिर्ये, मात्र पक्ष्यांची नावं शिकली.

वाटाड्यांची परीक्षा आमच्याकडे अशी: सगळ्यांत जुना वाटाड्या ल्वांगा स्वतः पाहुणा होऊन बसतो. दुपारपर्यंत त्याला बुल्वे दाखवला तर पाहुणे नेण्याच्या पाळीच्या फळ्यावर नाव चढतं. नाहीतर वर्षभर थांबा. बाबिर्येच्या परीक्षेदिवशी ठरलेला नावाडी तापानं पडला. सालोंगो बांबू घेऊन उभा राहिला. "मी होडी रेटीन," तो म्हणाला. "बघणार मात्र नाही."

ल्वांगानं मोठी टोपी घातली होती. "बाई, सिंह कुठाय?"

"दलदलीत सिंह नसतो, साहेब."

"मग एवढ्या लांबून काय बेडूक बघायला आलो?"

"बेडूकही बघा की. तुमच्यासारखाच फुगतो."

सालोंगो पाठमोरा हसला. मला ते बांबूतून कळलं.

पपायरसच्या उंच गवताच्या रानातून निघालो. लव्हाळ्यात पोटापर्यंत बुडून एक पाणहरीण उभं होतं, आमच्याकडे टक लावून. निळाशार खंड्या माझ्या काठावर येऊन बसला, जणू त्याचंही तिकीट होतं. कमळाच्या पानांवरून एक कमळपक्षी चालला होता. पिल्लांना पंखांखाली घेतलेलं, आणि त्यांचे काडीसारखे पाय खाली लोंबत होते. ल्वांगा पाहुण्याचं सोंगच विसरला. "हा बाप आहे बरं का," बाबिर्ये हळूच म्हणाली. "यांच्यात पिल्लं बापच सांभाळतो."

पण बुल्वे नव्हता. तिच्या माहितीच्या दोन्ही जागा रिकाम्या. ऊन डोक्यावर येत चाललं. ल्वांगानं घड्याळ पाहिलं.

बाबिर्ये सरकत मागे आली. "बाबा, इतकी वर्षं तुम्ही त्याला चुकवलंत. कुठे कुठे चुकवलंत, तेवढं सांगाल?"

बांबू पाण्यात तसाच रुतून राहिला.

"ऊन चढलं की पडक्या पपायरसच्या आत," तो म्हणाला. "तिथं पाणी उथळ. मांबा मासा श्वास घ्यायला वर येतो."

तिकडे जाणाऱ्या फाट्याशी माझं नाक सवयीनं डावीकडे वळलं. त्यानं बांबू दाबून मला सरळ केलं.

आणि तो होता. ओल्या राखेच्या रंगाचा, फिक्या डोळ्याचा, निश्चल. भोवतालचं वारं त्याच्यासाठी थांबलंय असं वाटलं. ल्वांगानं टोपी काढली. सालोंगो गवताकडे तोंड करून उभा राहिला. बाबिर्येनं त्याला हाक मारली नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग बुल्वे अख्खाच्या अख्खा पाण्यावर कोसळला, पंख पसरून, भिंत पडावी तसा. त्या आवाजानं सालोंगो वळला. चोचीत गवताच्या गुंत्यासह हातभर मांबा वळवळत होता. पक्ष्यानं सावकाश गवत झटकलं, मासा गिळला, आणि पुन्हा उभा राहिला. आमच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

"अगं," सालोंगो म्हणाला, "हा तर नुसता मासे मारतोय."

तो माझ्या फळीवर बसला. बांबू मांडीवर आडवा धरून, पक्षी उडून जाईपर्यंत बसून राहिला.

बाबिर्येचं नाव त्याच दुपारी फळ्यावर चढलं. आता माझ्यात जाळं नसतं, पाहुणे असतात, आणि बांबू सालोंगोच मारतो. बुडाची एक फळी कुजलीय. आंब्याखाली नवी होडी घडतेय, तेव्हा माझे दिवस मोजकेच. तोवर कधी माझ्यात बसलात, तर एवढंच करा. त्या उथळ पाण्याशी म्हातारा सालोंगो बांबू मारायचं विसरला, तर त्याला घाई करू नका. बघू द्या.