मधली चार

बाईंनी शंभराव्या चौकोनावर लाल खडूने जाड गोल काढला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि म्हणाल्या, "हं, आता मुंगीची पाळी."

वर्गाबाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात चार-चार बोटं रुंदीचे शंभर चौकोन एका ओळीत आखलेले होते. दर पाचव्या चौकोनात लाल गोल. गोलावरून गोलावर उडी मारायची आणि मोठ्याने म्हणायचं: पाच, दहा, पंधरा. पोरं सकाळपासून बेडूक झाली होती. त्याआधीच्या आठवड्यात पाच बोटांचे रंगीत पंजे भिंतीवर उमटवून झाले होते, आणि पाच-पाच बटणांचे ढीग करताना दोन बटणं एका पठ्ठ्याने नाकात घालून पाहिली होती. उड्यांमध्ये निदान नाकाला धोका नव्हता.

मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यांत लहानखुरी मुलगी. ती पहिल्या चौकोनाशी आली, खाली वाकून पाहिलं, आणि चवड्यावर तोल सांभाळत एकेका चौकोनात पाऊल टाकू लागली. एक, दोन, तीन, चार.

"अगं, उडी!" सगळा वर्ग ओरडला.

"उडी मारायची ना, मुंगे," बाई म्हणाल्या. "एकदम पाचावर."

"मग मधले?"

"मधले राहू दे."

"त्यांच्यावर पाय नाही ठेवला तर ते मोजले कसे जाणार?"

वीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न बाईंना कुणी विचारला नव्हता. त्या तिच्याजवळ उकिडव्या बसल्या.

"हे बघ. तू वरून उडी मारलीस तरी हे चौघं काही पळून जात नाहीत. इथेच असतात. तू पाच म्हणालीस ना, की हे चौघं त्यात आलेच. मोजलेलेच असतात ते."

"पाय न लावता?"

"पाय न लावता."

"नक्की?"

"अगदी नक्की."

मुंगीने एकदा त्या चौघांकडे पाहिलं आणि उडी मारली. मग थांबलीच नाही. शंभरावर पोचली तेव्हा तिचा आवाज बसला होता आणि वर्ग टाळ्या पिटत होता. बाईंना इतका आनंद झाला की मधली सुट्टी त्यांनी पाच मिनिटं आधीच देऊन टाकली. हा सोमवार होता.

मंगळवारी सकाळी मुंगीची आई फाटकाशी वाट बघत उभी होती. एरवी ती मुलीला सोडून धावतपळत जायची. आज मात्र तिला सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं.

"बाई, काल बाबांनी शंभर पावलं टाकली!"

बाबा म्हणजे तिचे वडील, मुंगीचे आजोबा. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. तीन महिन्यांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, वॉकर धरून रोज व्हरांड्यात चालायचं, मध्ये न बसता शंभर पावलं झाली पाहिजेत. ते पंचवीस-तीसवर बसून जायचे. येत्या रविवारी त्यांचा मुलगा, म्हणजे मुंगीचा मामा, गाडी घेऊन येणार होता. त्याचं घर सहा तासांवर, तळमजल्यावर होतं. शंभर झाली नाहीत तर आजोबांनी तिकडेच राहायला जायचं, असं बहीणभावांत ठरलं होतं.

"मोजायचं काम हिच्याकडे," आई म्हणाली. "मी आत होते. 'शंभर' ऐकलं आणि माझ्या हातातली वाटीच पडली. आता रविवारची धास्ती नाही बघा. माझा जीव भांड्यात पडला."

बाईंचाही पडला. त्यानंतरचे तीन दिवस आई फाटकातून रोज लांबूनच हात हलवून खुणावायची: कालपण शंभर. बाई हसून मान डोलवायच्या. आपल्या उड्या कुणाच्या तरी घरी कामी आल्या असतील अशी शंका त्यांना आली नाही.

शुक्रवारी चित्रकलेच्या तासाला मुंगीने आजोबा काढले. मोठं डोकं, गळ्यात मापाची टेप, पुढ्यात वॉकर, आणि मागे कागदभर पावलं.

"अरे वा! किती आहेत गं ही पावलं?"

"शंभर."

बाईंनी सवयीने नजर फिरवली. पावलं वीस होती. प्रत्येकाभोवती लाल गोल होता.

"ही तर वीसच दिसतात."

मुंगीने त्यांच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "मधली नाही काढली. ती मोजलेलीच असतात. तुम्हीच सांगितलंत ना."

बाईंनी पावलं पुन्हा मोजली. रविवारी मामा व्हरांड्यात उभा राहील. तो उड्या शिकलेला नसेल. तो एक, दोन, तीन असं मोजेल, आणि आजोबा विसावर थांबून शाबासकीची वाट बघतील. वर्गात पुढे काय चाललं होतं याकडे त्यांचं लक्ष लागेना. मुंगीला सांगावं तर काय सांगावं? आपणच शिकवलेलं खोटं होतं म्हणून? खोटं तर ते नव्हतंच.

शाळा सुटल्यावर त्या मायलेकींबरोबरच निघाल्या. "सहज, आजोबांना भेटून येते," एवढंच म्हणाल्या. दोन जिने चढताना त्यांनी तीनदा वाक्य जुळवलं आणि तीनदा मोडलं.

आजोबा व्हरांड्याच्या टोकाला खुर्चीत बसले होते. गळ्यात खरोखरच टेप होती. व्हरांड्याच्या मध्यावर अजून एक खुर्ची दमल्यावर बसण्यासाठी ठेवलेली होती.

"या बाई. आमच्या मास्तरीणबाईंच्या बाई तुम्ही," ते म्हणाले. शब्द जरा घसरत येत होते, पण मिस्किलपणा जागच्या जागी होता.

"आजोबा, बाईंना दाखवूया," मुंगी म्हणाली. दप्तरही न उतरवता ती वॉकरसमोर जाऊन उलट्या पावलांनी चालू लागली. आजोबा उठले. वॉकर पुढे, उजवा पाय ओढत, मग डावा.

"पाच. दहा. पंधरा."

एकेका आकड्याला एकच पाऊल. बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. आजोबा तोंड गंभीर ठेवून, एकदाही न चुकता, तिच्या शंभराला थांबले आणि डावा हात वर केला. मुंगीने त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि तशीच जागच्या जागी नाचली.

"पुरे, पुरे. पाडशील त्यांना," आई कौतुकाने म्हणाली. "चल, हातपाय धू आधी. बाई, चहा टाकते." दोघी आत गेल्या.

आजोबा मधल्या खुर्चीत टेकले. बाईंनी घसा साफ केला.

"आजोबा, मला तुम्हाला एक सांगायचंय. चूक माझी आहे."

"वीस," आजोबा म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अहो, चाळीस वर्षं मापं घेतली मी. वीस आणि शंभर यातला फरक मला कळणार नाही होय?" त्यांनी टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "पहिल्याच दिवशी कळलं. बोलणार होतो. पण पूर्वी मी तिसावर बसलो ना, की ही पोर काही बोलायची नाही. खाली बसून माझा बूट काढायची आणि 'उद्या' म्हणायची. फक्त उद्या. सोमवारी शंभर म्हणाली आणि अशी नाचली… माझ्याच्याने नाही सांगवलं."

"पण रविवारी…"

"रविवार माहीत आहे मला." ते थोडं थांबले. "मशीन कधीकधी टाके सोडतं. शिवण वरून छान दिसते, पण पहिल्या धुण्याला उसवते. मग आम्ही काय करतो? सुटलेले टाके हाताने घालतो. पाचातलं एक तिचं झालं. मधली चार माझ्याकडे. ती शाळेत गेली, तिची आई कामाला गेली, की मी उठतो."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"किती होतात?"

"ऐंशी व्हायला हवीत. आज सकाळी एकेचाळीस झाली, मध्ये न बसता." मग आवाज खाली आणून, चोरी सांगितल्यासारखं म्हणाले, "खरं सांगू? एकट्याने मोजताना मन लबाडी करतं. चाळीस झाली की हळूच पन्नास म्हणतं. नातीवर गेलंय."

बाई हसल्या, पदराने डोळे टिपले आणि वॉकर त्यांच्यासमोर सरकवला.

"उठता?"

"आत्ताच तर वीस झाली."

"वीस म्हणजे पोरखेळ, असं आता तुम्हीच म्हणणार होतात."

"म्हणणार होतो खरा," आजोबा म्हणाले आणि उठले.

आत नळ वाहत होता, कपबशा वाजत होत्या. ऐकू जाऊ नये म्हणून बाई कुजबुजत मोजू लागल्या. एक. दोन. तीन. चार. दोन आठवडे त्या पोरांना आकड्यांवरून उड्या मारायला शिकवत होत्या. आता मात्र एकेका आकड्याला थांबत होत्या, पाऊल पुरतं टेकेपर्यंत पुढचा आकडा तोंडातून काढत नव्हत्या. तेरा. चौदा. टोकाच्या खुर्चीला वळसा घालून आजोबा परत फिरले. सत्तावीस. अठ्ठावीस. कपाळावर घाम आला होता, पण बाईंनी पुसायला हात पुढे केला नाही.

नळ बंद झाला. मुंगी टॉवेलने तोंड पुसत दारात आली आणि तिथेच थांबली.

बाईंना ती दिसली. पण आजोबांचं पाऊल पडलं होतं, तेव्हा आकडा म्हणणं भाग होतं. "छत्तीस," त्या म्हणाल्या.

मुंगी आजोबांच्या पायांकडे बघत राहिली. सदतीस. अडतीस. एकोणचाळीस. तिच्या भुवया जवळ आल्या. टॉवेल हातातून लोंबत होता. चाळीस. मधली खुर्ची आता हाताच्या अंतरावर होती. एकेचाळीस. आजोबांचा गुडघा थरथरला, आणि बाईंनी खुर्चीकडे पाहायचं टाळलं.

बेचाळीस. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. ही चार पावलं मुंगीने ओठ घट्ट मिटून जाऊ दिली. मग पुढे आली, पायाने खुर्ची बाजूला ढकलली, आजोबांकडे तोंड करून वॉकरसमोर उभी राहिली आणि आजोबांचं पाऊल टेकायची वाट बघू लागली.

पाऊल टेकलं.

"पंचेचाळीस," मुंगी म्हणाली, आणि एकच पाऊल मागे सरकली.