शंकरप्पा गेले कुठं?

नव्यानंच झालेल्या लातूर जिल्ह्यात टीव्हीच्या मालिकेचं चित्रीकरण चाललंय म्हटल्यावर टँकरच्या रांगेतली माणसंही कळशा ठेवून बघायला यायची. शाळेतली मास्तरकी सांभाळून मालिका मी लिहीत होतो. हे सांगताना अजूनही संकोच वाटतो.

गोष्ट एका दाळमिलवाल्या घराची. वडील शंकरप्पा चौथ्या भागात मरतात आणि मुलांची भांडणं सुरू होतात. पुढचं सगळं त्या मरणावर उभं. शंकरप्पाचं काम गंजबाजारातले व्यापारी वीरण्णा करत. तीन भाग दाखवून झाले होते, त्यामुळे माणूस बदलता येत नव्हता.

मरणाच्या दिवशी सकाळीच वीरण्णांच्या पत्नी गुरम्मा येऊन थडकल्या.

"गुरुजी, आमचे मालक मरणार हायत म्हणं?"

"खोटं मरण, बाई."

"आन् ती रत्नम्मा त्यांच्या नावानं बांगड्या फोडणार? मी जित्ती असताना?"

मालिकेत शंकरप्पाची बायको झालेल्या रत्नम्मा ओशाळल्या. "अक्का, दोनच फोडते."

खाटेवरून वीरण्णा म्हणाले, "मला काय, मी कवाचा मरून पडलोय."

"तुम्ही गप पडा!"

दिग्दर्शक हणमंतरावांनी मला बाजूला घेतलं. "आज काही सुचलं नाही, तर मालिका इथंच संपली."

शेवटी मी गुरम्मांनाच विचारलं, "मग काय करू?"

"टँकर आला का बघून येतो म्हणून धाडा बाहेर. ती वाट बघंल. वाट बघायला बांगड्या फोडाव्या लागत न्हाईत."

तसंच केलं. वीरण्णा टोपी घालून बाहेर पडले, ते मालिकेत परतलेच नाहीत. मुलं मिलच्या किल्ल्यांवरून भांडू लागली.

भाग दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी तूर विकायला आलेले शेतकरी वीरण्णांना दुकानात विचारू लागले, "अप्पा, गेलाव कुठं?" ते म्हणत, "गुरुजींना इचारा."

आणि गुरुजींना ठाऊक नव्हतं. यात्रेला गेले? विरक्त झाले? की उदगिरात त्यांचं दुसरं घर होतं? हे शेवटचं मला फार आवडलं. अर्धं पान लिहूनही झालं होतं, तेवढ्यात गुरम्मा आल्या.

"दुसरं घर तर केलं न्हाई ना त्यांनी?"

मी पानावर हात ठेवला. "खरं सांगू? ते कुठं गेले, मलाच माहीत नाही."

"आत्ता गं बया!" खुर्ची ओढून त्या बसल्या. "फाडा ते. जाताना पायात काय होतं?"

"चप्पल."

"मंग लांब न्हाई गेले. गावाला जायचं तर ते जोडे घालत्यात. लिव्हा."