आजींनी वगळलेल्या तीन फरश्या

बागेच्या पायवाटेवर आजींचे म्हातारबुवा दोनदा अडखळले, तेव्हा फरश्या नीट करून घ्यायचं काम आजींनी स्वतःच्या अंगावर घेतलं. कंत्राटदाराने खचलेल्या नऊ फरश्या दाखवल्या. आजींनी एकेक काठीने ठोकून पाहिली.

"सहाच उखड. उरलेल्या तीन धडधाकट आहेत, उगाच खोगीरभरती नको."

"आजी, त्याही खचल्यात."

"मला तर तसं दिसत नाही. लबाड माणसं मात्र बरोबर दिसतात."

दिवसभर त्या बाकावरून हलल्या नाहीत. वाळू किती घातली, नीट दाबली का, सगळ्यावर त्यांची नजर होती. काम संपल्यावर त्यांनी बादलीभर पाणी ओतायला लावलं. "तुझ्यापेक्षा माझा पाण्यावर भरवसा जास्त."

बसवलेल्या सहा फरश्यांवरून पाणी सरळ गटाराकडे गेलं. वगळलेल्या तिन्ही फरश्यांवर मात्र डबकं साचलं, आणि आजींनी पाय ठेवताच एक डुगडुगली. कंत्राटदार वाळूचं घमेलं घेऊन तिथे येऊन बसला.

"बघतोस काय? काढ त्याही," आजी म्हणाल्या. "आमचे हे फिरायला यायच्या आत आटप. आणि त्यांनी विचारलंच, तर नऊ मीच सांगितल्या होत्या."