कडक इस्त्री

"थांब, कॉलर राहिली," तो म्हणाला, आणि बारकी दारातून परत फिरली.

पाचला दहा कमी होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुहेरी घोंगडी अंथरली होती, घोंगडीवर तिचं नारिंगी जॅकेट होतं, आणि लाँड्रीने जुनी म्हणून काढून टाकलेली वजनदार इस्त्री त्यावरून फिरत होती. त्याने कॉलरची दोन्ही टोकं दाबली, छातीवरच्या आणि पाठीवरच्या रुपेरी पट्ट्यांवरून शेवटचा एक हात मारला आणि जॅकेट गरम असतानाच तिच्यापुढे धरलं. थंडीत ती ऊब तिला आवडायची. न आवडून तरी काय करणार होती? त्या घरातून बिनइस्त्रीचं फडकंसुद्धा बाहेर पडत नसे.

गल्लीत त्याला सगळे कडकराव म्हणायचे. स्वभावाने माणूस अगदी गरीब, नाव पडलं होतं ते त्याच्या इस्त्रीमुळे. चौतीस वर्षं तो एकाच लाँड्रीत उभा होता. कापडाला बोट लावलं की ते किती उष्णता सोसेल हे त्याला कळायचं. कपड्याच्या आत शिवलेली सूचनांची चिठ्ठी त्याने कधी वाचली नाही. चिठ्ठी वाचून इस्त्री करणारा म्हणजे पुस्तक वाचून पोहणारा, असं तो नव्या कामगारांना ऐकवायचा. या जॅकेटच्या मानेपाशीही एक चिठ्ठी होती. ती बारकीला टोचते म्हणून पहिल्याच दिवशी त्याने ती कात्रीने उडवली होती.

"अति तिथं माती," बायको अंथरुणातून म्हणाली. "सगळ्या घराला इस्त्री झाली. आता माझ्या कपाळावरच्या आठ्या तेवढ्या राहिल्यात."

बारकी हसली आणि बुटांच्या नाड्या बांधू लागली. नाव बारकी, पण आता ती बापापेक्षा चार बोटं उंच होती. तिला अग्निशमन दलात जायचं होतं. लेखी परीक्षा झाली होती, धावण्याची चाचणी एकोणीस दिवसांवर आली होती. सकाळी आठ ते रात्री आठ ती औषधांच्या दुकानात उभी असायची, त्यामुळे धावायला हा पहाटेचा अंधारच काय तो तिच्या वाट्याला यायचा.

आणि या अंधाराचीच त्याला धास्ती होती. पाच महिन्यांपूर्वी ती पहिल्यांदा निघाली, तेव्हा आठवडाभर तो सायकलवरून तिच्या मागे मागे गेला होता. शेवटी तीच म्हणाली, की बाबा, मागे कुणीतरी कुरकुरत येतंय याचीच मला जास्त भीती वाटते. मग त्याने सायकल ठेवली आणि नियम काढले. समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशाच बाजूने धावायचं. कानात गाणी घालायची नाहीत. कालव्याकडच्या वाटेला जायचं नाही, तिथले दिवे बंद असतात. फोन खिशात हवाच. पाच वाजून पन्नास मिनिटांनी दारात, एक मिनिट उशीर नाही. हे सगळं त्याने लाँड्रीच्या पावतीमागे लिहून दाराशी चिकटवलं होतं. आणि रस्त्याचं काम करणारे घालतात तसं हे पट्ट्यांचं जॅकेट शोधून आणलं होतं. आणलं त्या रात्री त्याने दिवे घालवून त्यावर बॅटरी मारली होती, तेव्हा पट्ट्या अशा लखलखल्या की बायकोने डोळ्यांवर हात घेतला होता.

तेव्हापासून त्या पट्ट्यांवर त्याचा फार जीव. त्यांच्यावर सुरकुत्या लवकर पडायच्या आणि सुरकुती म्हणजे तर त्याच्या डोळ्यांत खुपणारी गोष्ट. म्हणून रोज पहाटे, इस्त्री चांगली तापवून, सगळ्यात जास्त जोर तो पट्ट्यांवरच द्यायचा.

"येते," बारकी म्हणाली आणि गेली.

ती गेली की त्याची कामं ठरलेली असायची. चहा करायचा, तो निववायचा, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाही असं दाखवत बघत राहायचं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, त्याचं मन या तासाभरात सगळे वैरी गोळा करायचं. कुत्री, उघडी गटारं, दारू पिऊन परतणारे, झोपेतले ड्रायव्हर. साडेपाचला त्याने बनियन इस्त्रीला घेतलं. पन्नासला दार उघडून ठेवलं. बावन्न झाली. पंचावन्न झाली. त्याने फोन लावला, तो वाजत राहिला. बायको उठून त्याच्यामागे येऊन उभी राहिली.

सहाला गल्लीच्या तोंडाशी एक गाडी थांबली. पावाची गाडी. आतून आधी ड्रायव्हर उतरला, मग त्याच्या खांद्याचा आधार घेत बारकी. एक गुडघा सोललेला, कोपरातून रक्त, नारिंगी जॅकेटला चिखल. पण चालत होती. ती चालतेय एवढं बघितल्यावर कडकरावच्या जिवात जीव आला.

ड्रायव्हर पन्नाशीचा होता. वळणावर गाडीचा आरसा तिच्या कोपराला घासला, ती चरात पडली, असं त्याने स्वतःच सांगितलं. लपवालपवी केली नाही. सावकाश होतो, अगदी सावकाश, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"सावकाश होतात, मग दिसली कशी नाही?" बायको म्हणाली. "एवढं भडक जॅकेट घातलंय पोरीने."

"वहिनी, मुलांची शपथ, नाही दिसली. दिव्याच्या उजेडात आधी तिचे बूट आले. पुढच्या टोकाला काहीतरी चमकलं. मला वाटलं मांजर आहे." त्याने स्वतःच्या अंगातलं जॅकेट दोन बोटांनी पुढे ओढलं. मळलेलं, चुरगळलेलं, अगदी तसल्याच पट्ट्यांचं. "हे बघा ना. हे लांबून दिसतं. पोरीच्या जॅकेटचं काय झालंय कळत नाही."

कडकरावने ड्रायव्हरला पाणी दिलं.

ड्रायव्हर गेल्यावर बायकोने गुडघा धुतला, पट्टी बांधली, आणि पट्टीची गाठ मारता मारताच निकाल दिला. उद्यापासून धावणं बंद. औषधांच्या दुकानात काही वाईट नाही. आगी विझवायला गावात दुसरी माणसं आहेत. बारकी भांडेल असं दोघांनाही वाटलं होतं. ती भांडली नाही. ती घाबरली होती, आणि घाबरलेली ती कशी दिसते हे दोघंही विसरून गेली होती, इतकी वर्षं झाली होती. "बघू," एवढंच ती म्हणाली, आणि लंगडत दुकानात गेली.

जॅकेट त्याने धुवायला म्हणून लाँड्रीत नेलं.

खरं सांगायचं तर जाताना त्याला हलकं वाटत होतं. पाच महिने छातीवर ठेवलेलं ओझं कुणीतरी उचललं होतं. मुलगी शाबूत होती आणि आता धावणार नव्हती. गुडघ्याचं काय, आठ दिवसांत भरेल. त्याने जॅकेट धुतलं, वाळायला घातलं, दुपारपर्यंत सतरा शर्ट आणि दोन कोट इस्त्री करून काढले. पण त्या ड्रायव्हरचं मांजर काही डोक्यातून जाईना.

जेवणाच्या सुट्टीत मालक घरी गेला, तशी त्याने लाँड्रीचं शटर अर्धं ओढलं, जॅकेट घेतलं आणि मागच्या खोलीत, चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये, दिवा न लावता बसला. बॅटरी डोळ्यांच्या रेषेत धरून त्याने पट्टीवर मारली. करडी पट्टी करडीच राहिली. पाठीवरची बघितली. छातीवरची बघितली. सगळ्या सपाट, सुरेख, एकही सुरकुती नाही, आणि राखेसारख्या मेलेल्या. नुसत्या धुण्याने असं होईल का, असं त्याने स्वतःला विचारून बघितलं. मग सहज त्याच्या बोटाने खिशाचं झाकण उचललं. छातीवरची पट्टी त्या झाकणाखालून जात होती. तिथे इस्त्री कधी पोचलीच नव्हती. बॅटरीच्या उजेडात तेवढा बोटभर तुकडा असा लखलखला की त्याला डोळे मिटावे लागले.

तो तिथे किती वेळ बसला ते त्यालाही सांगता आलं नसतं. कापडाला बोट लावून कळतं म्हणणारा तो. पाच महिने, रोज पहाटे, स्वतःच्या हाताने त्याने पोरीला अंधारात पुसून टाकलं होतं, आणि वर गरम गरम जॅकेट घालून तिला दारापर्यंत पोचवलं होतं.

संध्याकाळपर्यंत त्याने स्वतःशी बरीच घासाघीस केली. सांगायची गरज काय होती? ती थांबलीच होती. कुणी विचारलंही नव्हतं. जॅकेट जुनं झालं म्हणून टाकून दिलं असतं, विषय संपला असता. सांगितलं तर काय, तर अब्रू जाणार, आणि वर ती नवीन जॅकेट घेऊन पुन्हा त्याच रस्त्यावर पळणार. गप्प बसलं तर मुलगी घरात. इतकं सरळ होतं. पण सारखी त्याला सकाळची ती "बघू" म्हणणारी बारकी आठवत होती. तिला वाटत होतं, की सगळं नीट करूनही, सगळे नियम पाळूनही रस्त्याने तिला धरलं. असं वाटलेलं माणूस पुन्हा कधी घराबाहेर मोकळं चालत नाही, हे त्याला कळत होतं. तो स्वतः तसाच तर होता.

रात्री ती आली, जेवली. मग तो उठला आणि त्याने स्वयंपाकघरातला दिवा घालवला.

"आता हे काय?" बायको म्हणाली.

"दोघी इकडे बघा." त्याने खुर्चीच्या पाठीवर जॅकेट अडकवलं होतं. बॅटरी पट्टीवर मारली. काही नाही. मग खिशाचं झाकण वर केलं. तुकडा चमकला. त्याने झाकण सोडलं, पुन्हा उचललं. मग त्याने बॅटरी टेबलावर ठेवली.

"इस्त्रीने झालंय," तो म्हणाला. "माझ्या. तू काही चुकली नाहीस, तो गाडीवालाही नाही चुकला. त्या चिठ्ठीवर लिहिलेलं असणार, मी कापून टाकली."

एरवी बायकोने अति तिथं माती म्हटलं असतं. आज म्हणाली नाही. तिने उठून दिवा लावला आणि उगाचच भांडी आवरायला घेतली.

बारकी जॅकेटजवळ आली. तिने स्वतः झाकण उचलून बघितलं, मग पट्टीवरून बोट फिरवलं, जसा तो कापडावरून फिरवायचा.

"म्हणजे मी सगळं बरोबर करत होते," ती म्हणाली.

"सगळं."

तिने रागावावं असं त्याला फार वाटत होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिने फक्त दाराशी चिकटवलेली पावती काढली, पेन घेतलं, सगळ्या नियमांच्या खाली एक ओळ लिहिली आणि पावती परत चिकटवली. त्याने वाचली. बाबांनी जॅकेटला हात लावायचा नाही.

बायको त्याच्याशी बोलली ती अंथरुणावर, भिंतीकडे तोंड करून. "थांबली होती ती. कशाला बोललात?"

"राहवलं नाही."

"आता पुन्हा जाईल."

"जाईल," तो म्हणाला. दोघंही जागी होती आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

गुडघा भरायला सहा दिवस लागले. सातव्या पहाटे बारकी उठली. नवीन जॅकेट आदल्या दिवशीच आलं होतं, दुकानातल्या घडीच्या खुणांसकट. पाठीवर मधोमध आडवी घडी, उभी घडी, आणि पिशवीत कोंबल्यामुळे पट्ट्यांवर पसरलेल्या बारीक बारीक सुरकुत्या. मानेला चिठ्ठी तशीच. टेबलावर घोंगडी नव्हती. कडकराव दोन्ही हात काखेत घालून उभा होता, कारण मोकळे सोडले तर ते स्वस्थ राहतील याची त्याला खात्री नव्हती.

"चिठ्ठी टोचते का?" त्याने विचारलं.

"टोचू दे." तिने चेन वर ओढली. "गार आहे जरा."

हे तिला बोलायचं नव्हतं, बोलून गेली. मग ती त्याच्याकडे न बघता नाड्या बांधू लागली.

तो तिच्यासोबत गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. तिथून पुढे जायचं नाही, असं दोघांचं न बोलता ठरलेलं होतं. ती रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला गेली, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा, आणि धावू लागली. सुरुवातीला सोललेला गुडघा जपत, मग सरळ. दोन दिव्यांच्या मधल्या अंधारात ती गेली, तसा त्याच्या काळजाचा ठोका चुकला. ते सवयीचंच होतं. आता ते आयुष्यभर राहणार होतं.

वळणावरून पावाची गाडी आली. बरीच लांब असतानाच तिचा वेग कमी झाला, आणि ती रस्त्याच्या मधून, मुलीला ऐसपैस जागा सोडून हळूहळू पुढे आली. त्याने खिशातली बॅटरी तिच्या दिशेने मारली, आणि लांबवर पाठीवरच्या पट्ट्या पेटल्या. घडीपाशी मोडलेल्या, चुरगळलेल्या, वाकड्यातिकड्या. बघून त्याच्या दुसऱ्या हाताची बोटं काखेत वळवळली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या घरातून सुरकुतलेला कपडा बाहेर पडला होता, आणि तो फार लांबून दिसत होता.